रूपांतराचा भार : होटगी जंक्शनपासून स्टाइलशीटपर्यंत

साहित्याच्या अभ्यासात 'रूपांतर' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. परक्या भाषेतल्या नाटकाचे रूपांतर, कादंबरीचे पटकथेत रूपांतर, पोथीतल्या ओवीचे शालेय गद्यात रूपांतर अशा प्रत्येक ठिकाणी मूळ कृतीतले काय टिकले आणि काय निसटले याची चर्चा आपण आवडीने करतो. त्या रूपांतराला श्रम किती पडले, ते कोणी उपसले आणि तेच रूपांतर एकाच क्षणी हजार जणांनी मागितले तर काय होईल, हे प्रश्न मात्र टीकेच्या कक्षेत येत नाहीत. येण्याचे कारणही नव्हते. नाटकाचे रूपांतर एकदाच होते. पुढे शंभर प्रयोग झाले तरी रूपांतरकाराला पुन्हा लेखणी उचलावी लागत नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही स्थिती बदलली आहे. महाजालावर आपण जो मजकूर वाचतो त्यातला बराचसा त्या रूपात कुठेही ठेवलेला नसतो. वाचकाने मागणी केली की मूळ मजकुरातून, ठरावीक नियम लावून, त्याचे वाचनीय रूप त्या क्षणी घडवले जाते आणि वाचून होताच ते विरून जाते. प्रत्येक वाचकागणिक नवे रूपांतर होते. या नियमांच्या संचाला 'स्टाइलशीट' किंवा शैलीपत्रक म्हणतात. वाचक एक असेल तर त्यामागचे श्रम जाणवतही नाहीत. वाचक हजार झाले की सारे यंत्र धापा टाकू लागते. हा भार हलका करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास केवळ संगणकतज्ज्ञांपुरता नाही, असे आम्हांला वाटते. पाठसंपादन, प्रती आणि वाचक यांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाशी तो निगडित आहे. त्याची सुरुवात आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्थानकापासून करणार आहोत, कारण तेथे हाच प्रश्न लोखंड आणि धान्य यांच्या रूपात शंभराहून अधिक वर्षे उभा होता.

दोन रुळांच्या मधले अंतर

सोलापूरहून मद्रासच्या दिशेने निघालेली गाडी पंधरा-एक किलोमीटरवर होटगीला पोहोचते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला आला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडला गेला. हा मार्ग ब्रॉडगेज होता. त्याच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. पुढे १८८४ च्या सुमारास विजापूर, बागलकोट आणि गदग या बाजूने सदर्न मराठा रेल्वेचा फाटा होटगीला येऊन मिळाला. तो मीटरगेज होता. रुळांमधले अंतर १००० मिलिमीटर. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर या मुलखात रेल्वे पोहोचवण्याची निकड सरकारला पटली होती. या फाट्याच्या जन्मामागे धान्य वेळेवर पोहोचण्याचा प्रश्न होता, ही गोष्ट विसरता कामा नये.

मीटरगेज का? व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० मध्ये, दुय्यम मार्गांसाठी अरुंद गेज स्वीकारण्याचा निर्णय झाला तो खर्च वाचावा म्हणून. रूळ हलके, पूल अरुंद, इंजिने लहान. हिशेब कागदावर निर्दोष होता. परंतु दोन गेज जेथे भेटत तेथे एक नवा खर्च जन्माला येई. ब्रॉडगेजची वाघीण मीटरगेजच्या रुळांवर चढू शकत नाही. म्हणून माल एका गाडीतून उतरवायचा, माणसांच्या पाठीवरून शेजारच्या गाडीत चढवायचा आणि पुन्हा पुढे पाठवायचा. धान्य तेच आणि पोतीही तीच, तरी प्रत्येक पोत्यामागे पुन्हा तितकेच श्रम. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला १८४०च्या दशकात याच कारणाने इतका गोंधळ माजला की तेथे गेज आयोग नेमावा लागला आणि १८४६ मध्ये कायदा झाला. सोलापूर जिल्ह्याने तर पुढे तिन्ही गेज पाहिले. १८९७ पासून कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची गाडी धावू लागली.

अशा जंक्शनचा धर्म असा की वाहतूक थोडी असताना तेथे काहीच बिघडत नाही. दिवसाला दोन-चार वाघिणी येतात, हमालांची टोळी त्या रिकाम्या करते आणि गाडी सुटते. वाहतूक वाढली की मात्र पुढचा मार्ग मोकळा असूनही माल जंक्शनवर तुंबतो. साऱ्या मार्गाची गती त्या एका ठिकाणच्या गतीवर ठरते. बांधणीच्या वेळी वाचवलेला पैसा तेथे दररोज, प्रत्येक पोत्यामागे, फेडावा लागतो. भार नाहीसा झालेला नसतो. तो फक्त जागा बदलतो. पुढच्या सर्व विवेचनात हे एवढे सूत्र हाताशी असू द्यावे.

मजकूर वेगळा, वेश वेगळा

मजकूर आणि त्याचे दृश्य रूप वेगळे ठेवावे ही कल्पना १९६०च्या दशकात आकाराला आली. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी जीएमएल ही खूणभाषा तयार केली. 'हे अक्षर मोठे व ठळक छापा' अशी सूचना देण्याऐवजी 'हे प्रकरणाचे शीर्षक आहे' एवढेच मजकुरात सांगायचे, आणि शीर्षक कसे छापायचे ते अन्यत्र ठरवायचे, असा तिचा विचार होता. १९८६ मध्ये त्यातून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले आणि १९९८ मध्ये महाजालासाठी त्याचे सुटसुटीत रूप, एक्सएमएल, पुढे आले.

साहित्याच्या अभ्यासकांनी ही कल्पना फार लवकर ओळखली. १९८७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या व्हासर कॉलेजात भरलेल्या बैठकीतून 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह', म्हणजे टीईआय, हा उपक्रम सुरू झाला. ओवी, कडवे, पाठभेद, प्रक्षेप, खोडलेला शब्द, समासातली टीप या साऱ्यांसाठी त्याने खुणा ठरवून दिल्या. एका संपादित ग्रंथात जे जे ज्ञान असते ते ते यंत्राला कळेल अशा रीतीने नोंदवता येऊ लागले.

पण नोंदवलेला मजकूर वाचनीय नसतो. तो खुणांनी भरलेला असतो. त्यातून वाचनीय पान घडवण्यासाठी नियमांची भाषा हवी. १९९६ मध्ये डीएसएसएसएल हे प्रमाण आले. ते समर्थ होते, पण सर्वसामान्यांना दुर्बोध ठरले. त्याच्याशी जवळून परिचय असलेले जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली एक्सएसएलटी ही भाषा १६ नोव्हेंबर १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मान्य केली. तिची घडण व्याकरणासारखी आहे. 'अमुक प्रकारचा घटक भेटला तर त्याचे तमुक करावे' अशी सूत्रे लिहायची. ती कोणत्या क्रमाने लागू पडतील ते मजकुराच्या रचनेवर ठरते. टीईआयच्या ग्रंथांसाठी सबॅस्टियन राट्झ यांनी अशा शैलीपत्रकांचा मोठा संच वर्षानुवर्षे घडवला आणि जगभरच्या विद्यापीठांनी तो वापरला.

एकादशीची सकाळ

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. तुकारामांच्या गाथेची १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली आवृत्ती सर्वांना ठाऊक आहे. साडेचार हजारांहून अधिक अभंग, आणि त्यांना निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद. समजा, कोणी ही गाथा टीईआयच्या पद्धतीने खुणा घालून सिद्ध केली आणि संकेतस्थळावर ठेवली. एका वाचकाला फक्त मुख्य पाठ हवा आहे, दुसऱ्याला एका विशिष्ट हस्तलिखिताचा पाठ, तिसऱ्याला चरणांची अकारविल्हे सूची, तर चौथ्याला भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर मोठ्या अक्षरातला एकच अभंग. मूळ प्रत एक, शैलीपत्रके चार. हा या पद्धतीचा विजयच म्हणायचा.

आषाढी एकादशीची सकाळ उजाडते आणि पाच हजार माणसे एकदम गाथा उघडतात. प्रत्येक मागणीबरोबर सर्व्हरवर चार कामे घडतात. पहिले, मूळ मजकुराचा विग्रह करून त्याचे स्मृतीत एक झाड उभारणे : गाथा हे खोड, अभंग या फांद्या, चरण या डहाळ्या आणि पाठभेद ही पाने. दुसरे, शैलीपत्रकाचा विग्रह. तेही एक्सएमएलमध्येच लिहिलेले असते, म्हणून तेही वाचून, तपासून, यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणावे लागते. तिसरे, झाडावर फिरत प्रत्येक घटकाला कोणते सूत्र लागू पडते ते शोधून लावणे. चौथे, जे घडले ते पानाच्या रूपात लिहून वाचकाकडे पाठवणे.

झाड हे मूळ मजकुराच्या कित्येक पट जागा खाते. पाच हजार वाचकांसाठी पाच हजार झाडे उभी राहू लागली की स्मृती भरते. मग वापरून झालेली जागा साफ करण्यातच यंत्राचा वेळ जातो, आणि नवी मागणी दाराशी खोळंबते. होटगीचा फलाट असाच तुंबत असणार.

एकदा करायचे काय, आणि दरवेळी काय

यावर जे उपाय निघाले ते वरवर पाहता तांत्रिक तपशील वाटतात. प्रत्यक्षात त्या सर्वांमागे एकच विवेक आहे : कोणते काम सर्वांसाठी एकदाच करता येईल आणि कोणते प्रत्येक वाचकासाठी वेगळे करावेच लागेल?

सर्वांत आधी लक्षात आले ते शैलीपत्रकाबद्दल. नियम वाचकागणिक बदलत नाहीत; तरीही आरंभीच्या कित्येक संकेतस्थळांवर ते प्रत्येक मागणीला नव्याने वाचले जात. २००१ च्या सुमारास जावा भाषेत रूढ झालेल्या संकेताने येथे एक महत्त्वाचा भेद केला. कंपाइल केलेले शैलीपत्रक ही एक वस्तू, आणि प्रत्यक्ष चालू असलेले एकेक रूपांतर ही दुसरी. पहिली वस्तू एकदा तयार केली की कितीही जणांनी एकाच वेळी वापरावी. ती बदलत नाही, म्हणून बिघडतही नाही. दुसरी मात्र ज्याची त्याने वेगळी घ्यावी, कारण तिच्यात 'आता आपण कुठे पोहोचलो' याची नोंद असते. दोघांनी ती वाटून घेतली तर एकाच्या अभंगात दुसऱ्याचा चरण मिसळायचा. फलाटावरचे नियमपुस्तक सर्व टोळ्यांना एक चालते, पण एकाच वाघिणीत दोन टोळ्यांनी दोन वेगळ्या व्यापाऱ्यांचा माल चढवायचा नसतो. एवढा एक भेद पाळल्याने गर्दीच्या वेळचे पुष्कळ काम वाचले.

याच काळात सन कंपनीत एक्सएसएलटीसी हा प्रकल्प झाला. शैलीपत्रकाचे सूत्र न् सूत्र वाचून अर्थ लावण्याऐवजी साऱ्या शैलीपत्रकाचे थेट जावाच्या यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवावे, असा त्याचा मार्ग होता. पुढे तो अपाचे संस्थेच्या झालान या साधनात सामील झाला. इंग्लंडमध्ये मायकेल के यांनी १९९८ पासून विकसित केलेल्या सॅक्सनने दुसरी बाजू धरली. झाडाचे प्रत्येक पान ही स्वतंत्र वस्तू न मानता सारे झाड आकड्यांच्या काही सलग रांगांत मांडले, तर जागाही वाचते आणि वेगही येतो. डेटापॉवर या कंपनीने तर रूपांतरासाठी वेगळे यंत्रच बाजारात आणले. ती कंपनी २००५ मध्ये आयबीएमने विकत घेतली. ज्या कामासाठी स्वतंत्र यंत्र विकले जाते त्या कामाचा भार किती असेल, याची कल्पना यावरून यावी.

दुसरा उपाय साहित्याच्या माणसाला अधिक ओळखीचा वाटेल, तो म्हणजे सूची. समजा, गाथेतले अभंग पहिल्या अक्षरानुसार गटांत लावायचे आहेत. भोळेपणाने लिहिलेले शैलीपत्रक प्रत्येक अभंगापाशी थांबून 'या अक्षराचा आणखी कोण आहे' हे पाहण्यासाठी सारी गाथा पुन्हा धुंडाळते. साडेचार हजार गुणिले साडेचार हजार म्हणजे दोन कोटी दोन लाख पन्नास हजार तुलना, आणि तीही एका वाचकासाठी! त्याऐवजी आरंभी एकदा गाथेवरून फिरून सूची तयार केली तर साडेचार हजार नोंदींत काम भागते. एक्सएसएलटीमध्ये अशा सूचीची सोय पहिल्या आवृत्तीपासून होती. स्टीव्ह म्यूंख यांनी तिचा गटवारीसाठी कसा उपयोग करावा हे दाखवून दिले आणि ती युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गटवारी भाषेतच आली. येथे यंत्र बदलले नाही, लिहिण्याची रीत बदलली. गर्दी सोसण्याची ताकद पुष्कळदा लेखनातूनच येते.

तिसरा उपाय गर्दीच्या नियमनाचा. पाच हजार रूपांतरे एकदम सुरू करण्यापेक्षा यंत्राला झेपतील तितकीच चालू ठेवावीत आणि बाकीच्यांना रांगेत उभे करावे. ऐकायला हे वाचकावर अन्यायाचे वाटते. प्रत्यक्षात फलाटावर पन्नास टोळ्या एकमेकींच्या वाटेत येत असतील त्यापेक्षा दहा टोळ्या मोकळेपणाने काम करत असल्या तर गाडी लवकर सुटते, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचाही नंबर आधी लागतो.

चौथा उपाय साठवणीचा, ज्याला कॅश म्हणतात. तोच अभंग त्याच रूपात हजार जणांनी मागितला असेल तर पहिल्यासाठी घडवलेले पान जपून ठेवावे आणि उरलेल्यांना तेच द्यावे. स्तेफानो माझ्झोकी यांनी अपाचेच्या आश्रयाने सुरू केलेल्या कोकून या प्रकल्पाचा इतिहास येथे बोलका आहे. त्याची पहिली आवृत्ती प्रत्येक टप्प्यावर संपूर्ण झाड स्मृतीत बाळगी, म्हणून मोठ्या गर्दीपुढे ती टिकेना. २००१ मधल्या दुसऱ्या आवृत्तीत रचना बदलली. मजकूर तुकड्यातुकड्यांनी नळातून वाहावा तसा एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाऊ लागला. एक्सएसएलटीच्या टप्प्यावर झाड उभारावेच लागे, पण इतरत्र ते टळले. शिवाय कोणत्या टप्प्याचे फलित साठवून ठेवता येईल याचा विचार रचनेतच आला. मूळ मजकूर आणि शैलीपत्रक यांपैकी काहीच बदलले नसेल तर जुने पान द्यायचे, अन्यथा नवे घडवायचे.

येथे संपादकाने सावध व्हावे. पाठात दुरुस्ती केली तरी साठवलेले पान जुनाच पाठ दाखवत राहिले, तर वाचक कोणता पाठ उद्धृत करणार? छापील ग्रंथाला शुद्धिपत्र जोडले जाते आणि निदान ते वाचकाच्या हाती पडते. साठवणीतले शिळे पान मात्र आपण शिळे असल्याचे सांगत नाही. गर्दीसाठी केलेली सोय अशा रीतीने पाठप्रामाण्याच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचते.

पाचवा उपाय प्रवाहाचा. ८ जून २०१७ रोजी मान्य झालेल्या एक्सएसएलटीच्या तिसऱ्या आवृत्तीत झाड न उभारता मजकूर वाचता वाचताच रूपांतर करण्याची सोय आली. प्रचंड आकाराच्या मजकुरालाही त्यामुळे थोडी स्मृती पुरते. पण याची किंमत अशी की मागे वळून पाहता येत नाही. शेवटच्या अभंगाची टीप पहिल्या अभंगाकडे बोट दाखवत असेल तर पहिला अभंग केव्हाच हातून निसटलेला असतो. श्रोत्याला कीर्तन मागे फिरवता येत नाही, तसेच हे. वाङ्मयीन ग्रंथाचा प्राण पुष्कळदा अशा मागेपुढे पाहण्यात असतो, हे आपण जाणतोच.

ओझे वाचकाच्या खांद्यावर

एक उपाय मात्र वेगळ्या जातीचा होता. रूपांतर सर्व्हरवर करायचेच कशाला? मूळ मजकूर आणि शैलीपत्रक, दोन्ही वाचकाकडे पाठवावे, आणि त्याच्याच ब्राउझरने रूपांतर करून घ्यावे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररपासून फायरफॉक्स, सफारी, क्रोमपर्यंत प्रमुख ब्राउझरांत ही सोय आली. पाच हजार वाचकांचे काम पाच हजार यंत्रांत वाटले गेले. सर्व्हरने नुसत्या फायली पुरवायच्या. लहान संस्थेला, एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला परवडेल अशी ही वाट होती. त्यात आणखी एक सौंदर्य होते : वाचकाच्या हाती खुणांसह मूळ मजकूरच पडे, आणि ज्याला इच्छा असेल तो स्वतःचे शैलीपत्रक लावून पाहू शके.

परंतु सूत्र तेच. भार नाहीसा झाला नव्हता, तो सरकला होता. जुनाट संगणक असलेल्या वाचकाला आता तो सोसावा लागे. ब्राउझर १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपाशीच थांबले. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीतली सुधारणा त्यांनी स्वीकारली नाही. वापरणारे थोडे म्हणून देखभाल थोडी, आणि देखभाल थोडी म्हणून जुन्या साधनांत सुरक्षेची छिद्रे. अखेर २०२५ मध्ये क्रोमच्या निर्मात्यांनी ही सोय काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांची कारणे पटण्याजोगी आहेत. तरीही कोणाचे काय जाते हे पाहिले पाहिजे. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी आपला संपादित ग्रंथ एक्सएमएल आणि एक शैलीपत्रक या जोडीने ठेवला आणि त्यानंतर ज्यांच्याकडे निधी वा माणूस उरला नाही, त्यांचे पान वाचकापुढे उघडेनासे होईल. मोठ्या संस्थांना दुसरा मार्ग आहे. सॅक्सन-जेएससारखे साधन जोडता येते, सर्व्हरवर रूपांतर करता येते, सारी पाने आधीच घडवून ठेवता येतात. लहानांना तोच मार्ग चालायला कोणीतरी मदत करावी लागेल.

मराठीचे गेज-परिवर्तन

मराठी वाचकाने हा प्रश्न दुसऱ्या वेशात पूर्वीच पाहिला आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट टंकाला बांधलेला असे. संगणकात 'क' हे अक्षर साठवलेले नसे. त्या टंकातला क-च्या आकाराचा क्रमांक साठवलेला असे. टंक बदलला की मजकुराची चिन्हांची भाजी होई. ऱ्हस्व इकार दिसतो व्यंजनाच्या आधी, म्हणून तो साठवलाही आधीच जाई. शोध नाही, अकारविल्हे नाही. आशय आणि वेश यांची येथे फारकत नव्हतीच. वेश हाच आशय होऊन बसला होता. वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या टंकांत असत आणि एका टंकातून दुसऱ्यात नेण्यासाठी परिवर्तक लागत. प्रत्येक टंक म्हणजे एक वेगळे गेज, आणि प्रत्येक परिवर्तक म्हणजे एक होटगी.

युनिकोडने अक्षराचा संकेत आणि अक्षराचा आकार वेगळे केले. संकेत उच्चाराच्या क्रमाने साठवायचे. इकार आधी दाखवायचा की नंतर, जोडाक्षर कसे घडवायचे, हे टंकातल्या नियमांनी दर वेळी ठरवायचे. म्हणजे येथेही एक छोटे शैलीपत्रक प्रत्येक शब्दामागे काम करत असते. कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी घडवलेल्या 'मंगल' टंकाने ही सोय असंख्य मराठी पडद्यांवर नेली. अक्षरांच्या आकारातून कविता लिहिणाऱ्या माणसाच्या हातून आकार आणि संकेत यांची ही फारकत घडावी, हा योग अर्थपूर्ण आहे.

भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये युनिगेज प्रकल्प हाती घेतला. या शतकाच्या पहिल्या दशकात होटगी–गदग मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि त्याच दशकात मराठी मजकूर टंकांच्या कैदेतून युनिकोडमध्ये येत होता. दोन्हीकडे रूपांतर वेगवान करण्याऐवजी रूपांतराची गरजच काढून टाकली गेली. भारावरचा हा सर्वांत मूलगामी उपाय. आता होटगीत पोती उतरवावी लागत नाहीत. फलाटावरच्या चढउतारीवर ज्यांची चूल पेटे त्यांचे काम त्याबरोबर संपले, हेही त्या इतिहासातच लिहिलेले असावे.

मूळ प्रत कोणाकडे?

साहित्यिक ग्रंथांच्या बाबतीत हा शेवटचा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही, असे आमचे मत आहे. धान्याचे पोते गदगला पोहोचले की त्याचे काम झाले. ग्रंथाचे तसे नसते. साऱ्या वाचकांना एकाच गेजवर आणणे, म्हणजे एकच घडीव पान कायमचे करून मूळ खुणांची प्रत बाजूला टाकणे, हे गर्दीला सोयीचे आणि खर्चाला स्वस्त आहे. ग्रंथाला मात्र घातक आहे. घडीव पानातून मुख्य पाठ दिसेल, पण त्यातून कोणत्याही एका हस्तलिखिताचा पाठ पुन्हा वेगळा काढता येणार नाही. उद्याचा अभ्यासक जो प्रश्न विचारील त्याचे शैलीपत्रक आज कोणी लिहिलेले नाही. ते लिहिता यावे यासाठी मूळ प्रत राहिली पाहिजे.

म्हणून विद्यापीठांतून आणि संस्थांतून मराठी ग्रंथ संगणकावर आणताना 'पान दिसते का' एवढेच विचारून भागणार नाही. रूपांतर कुठे होते, त्याचा भार कोण सोसतो, साठवणीतले पान शिळे झाले तर ते कळते का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुणांची प्रत कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रश्न तंत्रज्ञाकडे सोपवून संपादकाला मोकळे होता येत नाही. लेखनिकाने पोथी उतरवताना जे निर्णय घेतले त्यांचा अभ्यास आपण पाठचिकित्सा म्हणून करतो. एकादशीच्या गर्दीत एका यंत्राने पाच हजार प्रती उतरवताना घेतलेले निर्णय हाही त्याच शास्त्राचा विषय आहे. फरक इतकाच की लेखनिकाची पोथी आपल्यापुढे उरते, आणि यंत्राची प्रत वाचून होताच नाहीशी होते.